रमाबाईंची आठ वर्षं



पाप धुवायचं असतं, हे आपल्या किनवट-माहूरकडच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही; पैनगंगा दाराशीच आहे. पंडिता रमाबाईंचं तर बालपणच तीर्थाटनात गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत गावोगाव फिरायचे. क्षेत्र आलं की स्नान, उपास, दानधर्म. पुढे दुष्काळात आईवडील गेले. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं, आणि 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

का घेतला? तिथल्या ख्रिस्ती मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलॅम भागातलं एक घर दाखवलं होतं. ‘बिघडलेल्या’ म्हणून टाकून दिलेल्या बायका तिथे राहत, आणि भगिनी त्यांचं मायेनं करत. हे कशाच्या बळावर, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका भगिनीनं त्यांना बायबलातली, येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

इथवर पाप दुसऱ्याचं होतं, बरं का! बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, आपण काढलेल्या शारदा सदनातल्या मुली सांभाळत असताना, त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. त्या बायकांना जी क्षमा हवी होती, तीच आपल्यालाही हवी. 1907 च्या आपल्या साक्षीत त्यांनी हे मोकळेपणानं लिहिलं आहे. एवढी विद्वान, एवढी सेवा करणारी बाई. तिचं पाप ते काय असणार, असं आपल्याला वाटतं. ख्रिस्ती विचाराची मेख इथेच आहे. लूकच्या शुभवर्तमानातल्या दाखल्यातला धर्मनिष्ठ परूशी उपास करतो, दशांश देतो, खोटं काही सांगत नाही. पण नीतिमान ठरून घरी जातो तो मान खाली घातलेला जकातदार. ज्याचा हिशेब चोख, त्याला आपलं पाप सगळ्यात उशिरा दिसतं. आणि नुसतं दिसूनही भागत नाही. पस्तावा येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही झाला, त्याला नाकारणाऱ्या पेत्रालाही झाला. यहूदानं जीव दिला. पेत्र रडला आणि येशूकडे परतला.

1905 च्या जूनअखेरीस रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती सदनात मुली ढसाढसा रडत आपली पापं कबूल करू लागल्या. त्या रडण्याचा गाजावाजा पुष्कळ झाला. मला विशेष वाटतं ते नंतरचं: त्यांतल्या मुली टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगायला जाऊ लागल्या, आणि रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल असं मराठी बायबल करायला बसल्या. 1922 साली त्या वारल्या, तोवर ते काम चालू होतं.