डोंगर कुठं पळतोय?

आम्ही बचत गटाच्या बारा जणी आज तुमच्याशी बोलायला आलोय. मागच्या नोव्हेंबरात आम्ही दार्जिलिंगच्या बाजूला संदकफूच्या डोंगरवाटेनं चालायला गेलो होतो. फोटो तुम्ही पाहिलेच असतील. पण त्या फोटोंत न आलेला एक दिवस आज सांगायचाय.

आपल्या महाराष्ट्रात सगळ्यात उंच कळसूबाई, १,६४६ मीटर. संदकफू ३,६३६ मीटर, म्हणजे दुपटीहून जास्त. तीन महिने आम्ही पहाटे उठून गावामागच्या देवीच्या डोंगरावर चढउतार केली. साडीवर बूट घालून चालताना लोक हसले, मग त्यांनाही सवय झाली. त्या वाटेवर तंबू लागत नाही. मुक्कामाला लाकडाची-पत्र्याची घरं असतात, त्यांना ट्रेकर्स हट म्हणतात. एका घरातून सकाळी निघायचं आणि संध्याकाळी पुढच्या घरी पोचायचं.

त्या दिवशी टुमलिंगहून कालीपोखरीला जायचं होतं, साधारण तेरा किलोमीटर. पोखरी म्हणजे नेपाळीत तळं. आमच्यातल्या एकीचं माहेर पोखरी नावाचंच, त्यामुळं ती सकाळपासून “माहेरी चाललेय” म्हणत होती. टुमलिंग जवळजवळ २,९०० मीटरवर आहे. पहाटे दारातल्या बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा होता. समोर कांचनजंगा आधी गुलाबी झाली, मग सोन्यासारखी. घरवाल्या दीदींनी चुलीजवळ बसवून गरम चहा दिला. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, पण चुलीपुढं काही अडलं नाही.

वाट भारत-नेपाळच्या सीमेवरून जाते. डाव्या हाताला नेपाळ, उजव्या हाताला आपला देश. आमचा वाटाड्या तिथलाच तरुण मुलगा. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो, तो आम्हाला दीदी. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सगळ्यात हळू चालणारी सगळ्यात पुढं राहील. आणि सारखं म्हणायचा, “बिस्तारै, बिस्तारै.” म्हणजे सावकाश.

पण त्या दिवशी सगळ्यात पुढं असायला हवी ती काकू मागं राहिली. काकू छप्पन्न वर्षांच्या. शेतात आम्हा सगळ्यांना मागं टाकणाऱ्या, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. आदल्या रात्रीपासून त्यांचं डोकं दुखत होतं. जेवण गेलं नव्हतं, झोप लागली नव्हती. वाट आधी गैरीबासपर्यंत खाली उतरते. तिथं त्यांना जरा बरं वाटलं, म्हणून त्या गप्प बसल्या. तिथून पुढं कैयाकाट्टाची खडी चढण. चहाच्या टपरीजवळ पोचलो आणि काकूंना उलटी झाली.

“काही नाही गं, पित्त असेल,” त्या म्हणाल्या. भावानं मात्र ओळखलं. उंचावर हवा विरळ होते, अंगाला प्राणवायू कमी पडतो. साधारण अडीच हजार मीटरच्या वर कुणालाही हा त्रास होऊ शकतो, धट्टीकट्टी असली तरी. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर पुढं चढायचं नाही. आराम करूनही कमी होत नसेल, वाढत असेल, तर खाली उतरायचं. तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर एक मिनिट थांबायचं नाही.

आमच्यात वाद झाला. एक म्हणाली, आता वाट सपाट आहे, थोडंच राहिलंय. दुसरी म्हणाली, सगळ्याच परत जाऊ. काकू रडायला लागल्या, “माझ्यामुळं तुमचा खोळंबा.” तेव्हा आमच्यातली सगळ्यात धाकटी उठली. तिनं शेळी विकून या सहलीचे पैसे भरले होते. म्हणाली, “मी जाते काकूंबरोबर. डोंगर कुठं पळतोय?” संदकफूवरून उतरणाऱ्या एका जीपमध्ये दोघींना जागा मिळाली. ओझी उचलणारा दादा सोबत गेला.

आम्ही दहा जणी कालीपोखरीला पोचलो. तळ्याचं पाणी खरंच काळंशार होतं. माहेरवाशीणसुद्धा काही बोलली नाही. रात्री निरोप आला, काकू गैरीबासला गरम भात जेवून झोपल्यात. तेव्हा कुठं आमच्या घशाखाली घास उतरला.

दुसऱ्या दिवशी आम्ही संदकफू गाठलं. लांबवर एव्हरेस्ट दिसला. त्या दोघींना दिसला नाही, याची रुखरुख अजून आहे.

काकूंनी दुखणं लपवलं, पण त्यांना तरी काय बोलायचं? आपण सगळ्याच असं करतो. ताप अंगावर काढतो, पाळीचं दुखणं गिळतो आणि विचारलं की “काही नाही” म्हणतो. डोंगरावर ते एका दिवसात उघडं पडलं. घरी वर्षानुवर्षं पडत नाही.

आता आमच्या गटाच्या बैठकीत हप्ता गोळा करण्याआधी प्रत्येकीला विचारतो, बाई, काय दुखतंय? “काही नाही” हे उत्तर वहीत लिहीत नाही. गेल्या महिन्यात तिघींना आम्ही सोबत जाऊन दवाखान्यात दाखवून आणलं.

आणि हो, धाकटीसाठी आम्ही वेगळा डबा ठेवलाय. दर महिन्याला प्रत्येकी वीस रुपये. तिला आणि काकूंना परत पाठवायचंय, सावकाश चढायला.