दुसऱ्याच्या मालिकेवर हात बसवा

आजचा एपिसोड अशा सगळ्यांसाठी आहे, ज्यांच्या फोनच्या नोट्समध्ये एका मालिकेची आयडिया कधीपासून पडून आहे. नाव ठरलंय, हिरोईन कोण तेही ठरलंय, टायटल साँगची चालसुद्धा मनात घोळतेय. फक्त पहिला सीन काही लिहून होत नाहीये.

माझं म्हणणं असं की ती आयडिया थोडे दिवस तशीच राहू द्या. आधी दुसऱ्याच्या मालिकेचा एक एपिसोड लिहा. तुम्हाला आवडणाऱ्या, तोंडपाठ असलेल्या मालिकेचा.

आता तुम्ही म्हणाल, हे कशाला? तर टीव्हीवर नवीन लेखकाला बहुतेक वेळा हेच काम मिळतं, म्हणून. मराठी मालिकेची श्रेयनामावली एकदा पॉज करून वाचा. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, असं बऱ्याचदा दिसेल. तुम्ही तिथे पोचता तेव्हा घराचा सेट उभा असतो, पात्रं ठरलेली असतात आणि त्यातली आजी कशी बोलते हे प्रेक्षकांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. 'तुझी आयडिया काय आहे?' हा प्रश्न तिथे फार उशिरा येतो. पहिला प्रश्न असतो, 'हे वाक्य या बाईच्या तोंडी शोभतंय का?'

अमेरिकेत या सरावाला नावच आहे, स्पेक स्क्रिप्ट. कुणी पैसे दिलेले नसतात, कुणी सांगितलेलं नसतं, तरी चालू मालिकेचा एक एपिसोड स्वतःहून लिहायचा आणि काम मागताना नमुना म्हणून दाखवायचा. यातली गंमत अशी की 'फ्रेंड्स'वर लिहिलेला नमुना सहसा 'फ्रेंड्स'च्या टीमला द्यायचा नाही, दुसऱ्या मालिकेला द्यायचा. एक तर उद्या कल्पना चोरल्याचा आरोप नको. दुसरं म्हणजे त्या मालिकेची माणसं आपली पात्रं इतकी ओळखून असतात, की तुमची बारीकशी चूकही त्यांना खटकते. आता तिकडे स्वतःच्या नव्या मालिकेचा पहिला एपिसोडही मागतात, पण सराव म्हणून स्पेकची किंमत कमी झालेली नाही.

चला, करायचं कसं ते बघू.

पहिली पायरी, मोजणी. एक एपिसोड घ्या आणि वही घेऊन बसा. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वगळून साधारण 22 मिनिटं उरतात. त्यात सीन किती? प्रत्येक सीन किती वेळाचा? घराबाहेर किती वेळा गेले? ब्रेकच्या आधीचं शेवटचं वाक्य कोणाचं? प्रत्येक सीनसमोर एकच ओळ लिहा: या सीनमुळे काय बदललं? काहीच बदललं नसेल तर तसं लिहा, तेही शिक्षणच आहे. तीन एपिसोड असे मोजलेत की मालिकेचा सांगाडा दिसायला लागतो. आणि हेही लक्षात येतं, की लेखक उगाच बसस्टँडवर सीन लिहीत नाही. बाहेरचं शूटिंग म्हणजे जास्त वेळ आणि जास्त पैसा. म्हणून भांडण असो वा माफी, गाडी फिरून फिरून हॉलमध्येच येते.

दुसरी पायरी, आवाज. 'दिल दोस्ती दुनियादारी' घ्या. 2015 मध्ये झी मराठीवर आली, मुंबईतल्या एका फ्लॅटमध्ये एकत्र राहणारे सहा जण. आता एक साधा प्रसंग टाका: लाइट बिल भरायचं राहिलं आणि संध्याकाळी घरात अंधार झाला. बस, एवढंच. शिस्तीचा सुजय काय म्हणेल? कैवल्य कसा वैतागेल? आशू काय करेल? दोन पानं लिहा. मग पात्रांची नावं झाका आणि मालिका बघितलेल्या मित्राला वाचायला द्या. कोण बोलतंय हे त्याला ओळखता आलं, तर तुमचा कान तयार होतोय. सगळे एकसारखेच बोलत असतील, तर ते सगळे तुम्हीच आहात!

तिसरी पायरी मला सगळ्यात जास्त आवडते आणि ती आपल्या डेली सोपमध्येच जमते. आजचा एपिसोड बघा. उद्याच्या भागाची झलक लागायच्या आत टीव्ही बंद करा. रात्री उद्याच्या एपिसोडचे सीन स्वतः लिहा, फक्त सीनची यादी आणि एका सीनचे संवाद. दुसऱ्या दिवशी बघा आणि ताडून पाहा. प्रश्नपत्रिका आज, उत्तरपत्रिका उद्या. तुमचं वेगळं निघालं तर ते चुकलंच असं नाही. पण तुम्ही जे गुपित लगेच फोडलंत, ते त्यांनी अजून का दाबून ठेवलं? याचं उत्तर शोधा. रोज चालणाऱ्या गोष्टीत माहिती कधी द्यायची, हाच तर अर्धा धंदा आहे.

यावर एक शंका येते. अशाने आपण नुसते नकलाकार होणार नाही का? मला नाही तसं वाटत. गाणं शिकणारा आधी गुरूची बंदिश गातो. बंदिश तीच असते, पण गळा ज्याचा त्याचा. पात्रं, घर, नियम सगळं दुसऱ्याचं घेतल्यावर जे उरतं, म्हणजे तुम्ही कोणता प्रसंग निवडता, कुठे थांबता, कशावर हसता, ते तुमचं असतं. आणि ते तेव्हाच स्पष्ट दिसतं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. ती पात्रं तुमची नाहीत. हे लिखाण विकायचं नाही, त्यावर वेब सिरीज काढायची नाही. हा सराव आहे आणि फार तर कामाचा नमुना. तुमची स्वतःची गोष्ट लिहून झाली की ती कुणाला दाखवण्याआधी नोंदवून ठेवा. मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासदांना स्क्रिप्टची नोंदणी करता येते.

आणि नोट्समधली ती आयडिया? असे दोन-तीन एपिसोड लिहून झाल्यावर ती परत उघडा. तेव्हा तुम्ही तिला वेगळे प्रश्न विचाराल. या घरात कोण कसं बोलतं? ब्रेकला काय अडकवून ठेवू? शंभराव्या भागात ही माणसं कशावर भांडत असतील? उत्तरं मिळाली तर तुमच्याकडे मालिका आहे. नाही मिळाली, तर ती बहुतेक एक छान कथा आहे, आणि कथा लिहिणं काही वाईट नाही.

तर या आठवड्याचा गृहपाठ: एक मालिका, एक सीन, दोन पानं. नावं झाकून एकाला तरी वाचायला द्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा आणि लिहीत राहा!