बांधावरचे झाड आणि शेजारधर्म

(ग्रामपंचायत सदस्य, अधिकारी व शिक्षक यांच्या अभ्यास शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धरणे, रस्ते, वीज अशा मोठ्या विषयांपुढे बांधावरच्या एका झाडाची काय मातब्बरी, असे कोणाला वाटेल. परंतु तालुक्याच्या कचेरीत आणि दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळणारे कितीतरी तंटे अशाच एखाद्या झाडापाशी सुरू झालेले असतात. आजोबांनी बांधालगत चिंच लावलेली असते. नातवाच्या काळात तिचा विस्तार शेजाऱ्याच्या वावरावर पसरतो. सावलीखालची ज्वारी खुरटते, बोलाचाली होते, आणि एके रात्री कोणीतरी बुंध्याची साल गोल काढून टाकतो. झाड वाळते. एकाचे उत्पन्न जाते, दुसऱ्यावर फिर्याद होते, आणि दोन घरांचा पाणवठाही वेगळा होतो.

यात तक्रार करणारा नेहमीच आततायी असतो असे नाही. त्याचे नुकसान खरे असते. रब्बीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबर महिन्यात आपल्याकडे भर दुपारीही १० मीटर उंचीच्या झाडाची सावली उत्तरेस सुमारे ९ मीटर पडते. म्हणजे एखाद्याने आपल्या उत्तरेकडील बांधावर उंच झाडे लावली, तर फळे त्याची आणि सावली मात्र शेजाऱ्याची, अशी वाटणी होते. मुळे जमिनीतील ओल व अन्न ओढतात ते वेगळेच. घराजवळचा प्रश्न याहून नाजूक असतो. काळी माती ओलीने फुगते व सुकल्यावर भेगाळते. पायालगतचे मोठे झाड ओल शोषू लागले, म्हणजे भिंतींना तडे जाण्याचा संभव असतो. वड-पिंपळाचे रोप भिंतीच्या सांध्यात रुजले, तर ते लहान असतानाच काढावे लागते.

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५ अन्वये धारण जमिनीवरील झाडांचा हक्क सामान्यतः जमीनधारकाचा असतो. म्हणून पहिला प्रश्न झाडाचा नसून हद्दीचा आहे. हद्दीबद्दल वाद असेल तर आधी मोजणी करून घ्यावी. अंदाजाने कुऱ्हाड उचलू नये. झाड शेजाऱ्याचे असून फांद्या आपल्या हद्दीत आल्या असतील, तर हद्दीपुरत्या त्या छाटता येतात, हे तत्त्व इंग्लंडमधील सर्वोच्च न्यायपीठाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मान्य केले आणि आपल्याकडील न्यायालयांनीही ते स्वीकारले आहे. मुळांनाही तेच लागू आहे. मात्र त्यासाठी शेजाऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकण्याचा अधिकार मिळत नाही, आणि छाटलेले लाकूड व फळे झाडाच्या मालकाचीच राहतात. कायद्याने सक्ती नसली तरी आधी सांगून छाटणे, हे शहाणपणाचे.

या हक्कालाही मर्यादा आहेत. झाडे तोडण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या १९६४ च्या राज्य अधिनियमाच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, मोह, खैर, चंदन इत्यादी झाडे आहेत. ती तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. स्वतःच्या मालकीचे झाड असले तरीही. नगरपालिका व महानगरपालिकांच्या क्षेत्रात १९७५ चा वृक्ष संरक्षण अधिनियम लागू आहे. तेथे झाडाला इजा करणे हेही तोडण्यातच जमा होते. म्हणून छाटणीपूर्वी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करणे इष्ट. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण दिले आहे.

झाड पोखरलेले असून घरावर किंवा वाटेवर कोसळण्याचा धोका असेल, तर वाट पाहत बसू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ अन्वये जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा विशेष अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी असे झाड काढण्याचा अथवा त्याला आधार देण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. याउलट रात्री जाऊन साल काढणे किंवा मुळाशी विषारी द्रव्य ओतणे ही कायद्याच्या भाषेत आगळीक, म्हणजे गुन्हा होय.

पण सर्वच गोष्टी कायद्यावर सोडण्याचे कारण नाही. मधला मार्ग पुष्कळदा उपलब्ध असतो. खालच्या फांद्या छाटल्या तर सावली विरळ होते. बुंध्यापासून पुरेसे अंतर राखून हद्दीलगत ६० ते ९० सेंटिमीटर खोल चर खणला, तर पिकात शिरणारी वरच्या थरातील मुळे तुटतात. काही वर्षांनी हे काम पुन्हा करावे लागते. नवी लागवड करताना उत्तरेच्या बांधावर उंच झाडांऐवजी सीताफळ, करवंद यांसारखी ठेंगणी झाडे लावावीत. सामाईक बांधावरील झाड असेल, तर उत्पन्नाची वाटणी व छाटणीची पाळी कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

येथे आपणा सर्वांचे काम सुरू होते. २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावातला तंटा गावातच मिटवण्याचा पाठ घालून दिला. पंचायत सदस्यांनी दोन्ही पक्षांना झाडाखालीच बोलवावे. कचेरीत कागद दिसतो, तेथे सावलीही दिसते. प्रकरण न्यायालयात गेले असेल तर लोकअदालतीत तडजोड घडवावी. तिच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते व त्यावर अपील नसते. शिक्षकांनी वृक्षारोपणाच्या दिवशी मुलांना रोप कसे लावावे याबरोबरच ते कोठे लावावे हेही शिकवावे.

झाड लावणाऱ्याला पुण्य लागते, अशी आपली श्रद्धा आहे. ते पुण्य शेजाऱ्याच्या पिकाला जाच होऊ नये, आणि त्या जाचापायी पन्नास वर्षांचे झाड एका रात्रीत मरू नये, एवढी काळजी आपण घेऊ शकलो तरी पुष्कळ झाले.