पेशीतला पहारा आणि रूळ

मी शाळेत असताना आमच्या आजीला क्षय झाला. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस चढले आणि तिने गोळ्या बंद केल्या. वर्षभरात दुखणे परतले. "बरी झाले होते की रे मी!" ती म्हणायची. जंतू गेला कुठे होता, याचे उत्तर मला पुढे पेशीविज्ञान शिकवताना मिळाले.

जंतू आपल्याच पहारेकऱ्याच्या पोटात दडून बसतो. फुप्फुसातल्या महाभक्षी पेशी त्याला गिळून एका पिशवीत कोंडतात. ही पिशवी पाचकरसाने भरलेल्या लायसोसोमला मिळाली की जंतूचा निकाल लागतो. क्षयाचा जंतू नेमकी हीच भेट टाळतो.

पण पेशीजवळ दुसरी युक्तीही असते. मोडके सामान दुहेरी पडद्यात गुंडाळून पचवायचे. १९६३ साली ख्रिश्चन द ड्यूव यांनी तिला 'ऑटोफॅजी', म्हणजे स्वभक्षण, हे नाव दिले. तिची यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. ही क्रिया चेतवली की महाभक्षी पेशींतले क्षयजंतू घटतात, असे २००४ साली प्रयोगशाळेत दिसून आले.

यात प्रथिनांची साखळी असते. जंतूवर खुणेचे प्रथिन चिकटते. पी-६२ हे प्रथिन एका हाताने ती खूण धरते, दुसऱ्या हाताने पडद्यावरच्या एलसी-३ ला. गंमत अशी, की एलसी-३ आधी पेशीच्या सांगाड्यातील सूक्ष्मनलिकांना चिकटलेले प्रथिन म्हणूनच ठाऊक होते. पडद्यावरचे त्याचे काम २००० साली कळले. याच नलिका रुळांसारख्या असतात. त्यांवरून डायनीन नावाचे प्रथिन ते गाठोडे लायसोसोमकडे ओढून नेते. सांगाडा म्हणजे केवळ घराचे वासे नव्हेत, घरातली वाटही तीच.

मात्र हा पहारा एकट्याने पुरत नाही. काही जंतू सुस्त पडून राहतात. औषधानेही चटकन मरत नाहीत. खोकला थांबला तरी आत लढाई चालूच असते. म्हणून नेहमीच्या क्षयाला सहसा सहा महिने औषध लागते.

दुसऱ्या खेपेस आजीने एकही गोळी चुकवली नाही. पुढे ती माझ्या लग्नात मिरवली. तुमच्या घरी कुणी "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या बाजूला ठेवू लागले, तर त्यांना एवढेच सांगा: डॉक्टरांनी थांबा म्हटल्यावरच थांबायचे.