खोली कोणाला द्यावी?

(मंडळाच्या हळदीकुंकवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हटले, "मी सातवी शिकलेली बाई, मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही ठेच खाल्लीत, तेवढे सांगा." म्हणून उभी राहिले आहे. आपल्या आळीत पुष्कळ घरी एखाददुसरी खोली भाड्याने दिलेली असते, आणि दारात आलेल्या माणसाला हो-नाही म्हणायचे काम बहुधा आपल्यावरच येते. तेव्हा माझी चूक ऐकून कोणाची एक चूक टळली तरी पुष्कळ झाले.

मिरजेतल्या आमच्या घराला मागच्या अंगाला दोन खोल्या आहेत. मामंजी होते तोवर त्यांना कुलूप होते. त्यांनी १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याचे दिवस पाहिलेले. एकदा भाडेकरू आत आला की पिढ्यान् पिढ्या निघत नाही आणि भाडे जुनेच राहते, ही त्यांची धास्ती. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. मुदतीच्या करारावर, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपताच परत मिळावी, अशी सोय त्यात आहे. मामंजींच्या मागे, २०१७ साली, मुलीच्या शिक्षणाला हातभार म्हणून आम्ही कुलूप काढले.

एकाच आठवड्यात दोघे आले. एक दवाखान्यातली नर्स. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. नवरा सोडून गेलेला. पगाराची पावती तिने न मागता पुढे केली. पण शेजारणी म्हणाल्या, "रात्रपाळीची बाई. केव्हा येईल, केव्हा जाईल!" आणि मी तिला सांगितले, "खोल्या दिल्या हो." ते खोटे होते. "बरं ताई," म्हणून मुलीचा हात धरून ती निघून गेली.

दुसरे कुटुंब आपल्यातलेच. ओळखीचे आडनाव, बाईंच्या अंगावर दागिने, बोलणे गोड. आधीची जागा का सोडली, असे विचारले तर म्हणाले, "मालकाचा स्वभाव, दुसरे काय!" मला ते पटले. भाडे ४,००० आणि अनामत २०,००० ठरली. आपल्या माणसाशी कागद कसला करायचा, म्हणून कागद केलाच नाही.

चार महिने पैसे आले, मग थांबले. विजेचे बिलही आमच्यावर. जागा सोडा म्हटले तर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "भाडे ३,००० ठरले होते आणि अनामत मी ४०,००० दिली आहे. ती द्या, जातो." आम्ही वकिलांकडे धावलो. त्यांनी कायद्याचे कलम ५५ समजावले. करार लेखी आणि नोंदलेला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे ठरवायचे काम आपले. शिवाय मालकालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे आपण ऐकतो, तेही खरे नाही. अखेर मुलीच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांतून २०,००० जादा मोजून आम्ही सुटका करून घेतली.

पुढे एकदा मी त्यांच्या आधीच्या घरमालकिणीकडे गेले. पायी पंधरा मिनिटांची वाट. ती म्हणाली, "आम्हीही असेच पैसे देऊन सोडवून घेतले. आधी विचारायला आला असता, तर सांगितले असते." भगिनींनो, ती पंधरा मिनिटे मी चालले नाही.

आता मी काय करते ते सांगते. आधीच्या घरमालकाला विचारतेच, पण त्याच्याही आधीच्याला विचारते. कारण सध्याच्या मालकाला ब्याद घालवायची असेल, तर तो चांगलेच सांगणार. मिळकत किती मोठी, यापेक्षा ती दरमहा येते का आणि भाडे तिच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसते का, ते पाहते. ओळखीची कागदपत्रे घेते, पोलिस ठाण्यात माहिती देते. करार नोंदवते, नोंदलेल्या कराराची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते. पंखे, दिवे, नळ आणि मीटरचा आकडा लिहून दोघांच्या सह्या घेते; त्यामुळे अनामत परत देताना वाद होत नाही.

आणि सर्वांना प्रश्न तेच विचारते. जात कोणती, नवरा कुठे आहे, स्वयंपाकात काय शिजते, हे विचारत नाही. त्या उत्तरांनी भाडे येत नाही, हे मी पैसे मोजून शिकले.

२०१९ पासून आमच्याकडे सतारीच्या कारखान्यात काम करणारा एक मुलगा, त्याची बायको आणि आई राहतात. धर्म वेगळा, म्हणून दोघी-तिघींनी नाक मुरडले. पण त्याच्या दोन्ही आधीच्या मालकांनी एकच सांगितले, "जाताना भिंती रंगवून दिल्या." २०२० च्या टाळेबंदीत त्याचे काम बंद पडले. तेव्हा तारीख उलटण्याआधीच तो येऊन म्हणाला, "काकू, या महिन्यात निम्मेच जमतील." पुढे थोडे थोडे करून सारे फेडले. अडचण कोणाला येत नाही? ती आधी येऊन सांगतो, तो भरवशाचा.

त्या नर्सबाई पुन्हा भेटल्या नाहीत. मुलगी आता मोठी झाली असेल. बुडालेले २०,००० मी विसरले, पण ते "बरं ताई" अजून विसरता येत नाही. आपल्या दारात अशी कोणी आली, तर आधी आत बसवा, पाणी द्या, आणि मग विचारायचे ते विचारा. एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.