होडींत माणसें किती?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या तरुण मंडळाच्या सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या कार्यक्रमांत मजवर भाषणाची कामगिरी येईल असें मला स्वप्नांतही वाटलें नव्हतें. आपल्या देवळाचा इतिहास सांगणारे, माझ्याहून जाणते असे पुष्कळ लोक येथें बसलेले आहेत. परंतु आपल्या तरुण मंडळानें यंदाच्या उन्हाळ्यांत पवईच्या तळ्यावर छोटी होडी घेऊन गळानें मासे धरण्याची सहल काढण्याचें योजिलें आहे, आणि लहानपणापासून हातांत गरी धरलेला मनुष्य म्हणून दोन शब्द सांगण्यासाठीं मला उभें केलें आहे. मंडळानें तयार केलेली यादी मीं पाहिली. तींत खाण्याचे पदार्थ अकरा आहेत, वाद्यें तीन आहेत, आणि होडी एक. त्या एका होडींत बसणारांचीं नांवें नऊ! ती यादी मीं घडी करून खिशांत ठेवली आहे, आणि आजचें माझें भाषण मुख्यतः त्या नऊ नांवांविषयीं आहे.

प्रथम तळ्याविषयीं. आपण अंधेरी, मरोळ, घाटकोपरचे लोक पवईचें तळें बहुधा रस्त्यावरून जातां येतां पाहतों. त्याची हकीकत थोड्यांस ठाऊक असते. मुंबईस पाणी पुरविण्याकरितां विहारचें तळें १८६० सालीं व तुळशीचें १८७९ सालीं पुरें झालें. तरीही पाणी अपुरें पडूं लागलें, तेव्हां मिठी नदीस मिळणाऱ्या ओढ्यास बांध घालून १८९१ सालीं पवईचें तळें करण्यांत आलें. पुढें त्याचें पाणी पिण्याच्या कामीं चांगलें ठरलें नाहीं, आणि पिण्यासाठीं तें वापरणें सोडून द्यावें लागलें. शहराचा तो तोटा गळवाल्यांच्या पथ्यावर पडला. १९३६ सालीं मुंबई इलाख्यांतील हौशी गळवाल्यांनीं आपली संस्था स्थापिली. तिचेंच पुढें महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन असें नांव झालें, व पवईच्या तळ्याशीं तिचा संबंध तेव्हांपासूनचा आहे.

म्हणून, मित्रांनो, भाड्याच्या टेंपोवर होडी चढवून पहांटे ती पवईच्या पाण्यांत लोटून द्यावी, हा जो बेत कोणी बोलून दाखविला तो प्रथम मनांतून काढून टाका. तेथें परवानगीवांचून गळही टाकूं नये, मग होडीची गोष्ट दूरच. संस्थेच्या चिटणिसांस आगाऊ पत्र लिहावें, पाहुणे म्हणून किती जणांस येतां येईल, होडी व होडीवाला त्यांच्याकडून मिळेल काय, काय द्यावें लागेल, हें सर्व लेखी विचारून घ्यावें. उत्तर नकारार्थी आलें तर रुसूं नये. विहार व तुळशी हीं पिण्याच्या पाण्याचीं तळीं. तिकडे गळ घेऊन जाण्याचा विचारही करूं नये. ठाण्याकडील किंवा पालघरकडील एखाद्या गांवचें तळें पाहावयाचें झाल्यास तेथेंही मासेमारीचा ठेका बहुधा एखाद्या मच्छीमार सहकारी सोसायटीकडे असतो. त्या मंडळींस विचारल्यावांचून पाण्यांत हात घालूं नये. तळें सर्वांचें दिसतें, पण त्यांतील मासा कोणीतरी पैसे घालून सोडलेला असतो, हें आपणांस ठाऊक नसतें.

हें जरा उलगडून सांगतों. आपण ज्यांस रोहू, कटला व मृगळ म्हणतों ते मासे मूळचे उत्तरेकडील गंगेच्या प्रदेशांतले. पावसाळ्यांत वाहत्या नदींत ते अंडीं घालतात. तळ्याच्या बांधलेल्या पाण्यांत ते वाढतात खरे, परंतु सहसा वीत नाहींत. पूर्वीं त्यांचें बीज नद्यांतून धरून आणावें लागे. १९५७ सालच्या जुलै महिन्याच्या १० तारखेस डॉ. हिरालाल चौधरी ह्यांनीं माशाच्या मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोंचून हे मासे तळ्यांत विण्यास लावण्यांत यश मिळविलें, आणि तेव्हांपासून बीज मिळणें सोपें झालें. १९६१ सालीं मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था मुंबईंत स्थापन झाली. ती आपल्या अंधेरीजवळ वर्सोव्यास आहे, आणि आपल्या मुलांपैकीं कोणी तिकडे शिकावयास गेला तर मला फार आनंद होईल. सांगावयाचें तें इतकेंच कीं, तुमच्या गळास लागणारा रोहू कोणीतरी बोटाएवढा असतांना आणून सोडलेला आहे. एक मोठा मासा ठेवावा, छायाचित्र काढावें, बाकीचे सोडून द्यावे. सोडतांना हात ओले करून धरावा, कारण कोरड्या हातानें अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. उन्हाळ्यांत पाणी तापलें म्हणजे त्यांतील प्राणवायु कमी होतो व झगडलेला मासा लवकर दमतो. तेव्हां छायाचित्रासाठीं त्याला पांच मिनिटें उन्हांत धरून ठेवूं नका. चिलापी मात्र हवी तेवढी घरीं न्या. ती १९५२ सालीं परदेशांतून आलेली पाहुणी असून तिनें घर बळकावलें आहे.

आतां होडी.

मी एकोणीस वर्षांचा होतों. मे महिन्यांत आम्ही मामाच्या गांवीं गेलों होतों व गांवाच्या तळ्यांत तीन माणसांची एक जुनी लांकडी होडी होती. आम्ही मामेभाऊ, आतेभाऊ मिळून चौघे तींत बसलों. माझा धाकटा भाऊ बारा वर्षांचा. तो कांठावर उभा राहून रडूं लागला. चार तेथें पांच, म्हणून मीं त्याला हात देऊन आंत घेतलें. हें मीं केलें, दुसऱ्या कोणीं नव्हे. सकाळभर पाणी आरशासारखें होतें. दहाच्या सुमारास वारा सुटला, लाटा होडीच्या कांठाशीं खेळूं लागल्या, परत फिरावें असें एकानें म्हटलेंही. पण नेमका त्याच वेळीं माझ्या गळास मोठा कटला लागला. तो पाहावयास पांचही जण एका बाजूस वांकले. होडी बुडाली नाहीं. ती उलटली, आणि तेंही इतकें मुकाट्यानें कीं कोणी ओरडलेंसुद्धां नाहीं.

आम्हां मोठ्यांस पोहतां येत होतें. आम्ही कांठाकडे निघालों. मीं एकदांही मागें वळून पाहिलें नाहीं, कारण तो माझ्या मागोमाग येत आहे असें मीं धरून चाललों होतों. कांठावर पाय टेकल्यावर मोजलें तों चार. तो होडीखालीं, पाणवेलींत पाय गुंतून राहिला होता. म्हशी धुणाऱ्या एका माणसानें उडी टाकली व होडी उचलून त्याला बाहेर काढलें. त्याच्या नाकातोंडांतून पाणी निघालें, तो रडला, आणि तो रडला म्हणून आम्हीही रडलों. तो माझा भाऊ आज या सभेंत बसलेला आहे; त्याचें नांव घेऊं नये अशी त्याची सक्त ताकीद आहे. त्या दिवसानंतर तो होडींत बसला नाहीं. त्यानें मला कधीं बोल लावला नाहीं, आणि आईला ही गोष्ट आम्हीं दोघांनींही तिच्या मरेपर्यंत सांगितली नाहीं.

तेव्हां नऊ नांवांच्या यादीकडे मी कोणत्या डोळ्यांनीं पाहतों तें तुमच्या ध्यानांत येईल. होडीच्या मालकास विचारावें, किती जणांची? तो तीन म्हणाला तर आपण तीन, आणि त्यांत वल्हें मारणारा धरून तीन. त्यांत डबे, पाण्याचे कॅन व गिटार बसावयाचें असेल तर दोन. बाकीच्यांनीं कांठावर बसून गळ टाकावा. पाळीपाळीनें सर्वांस होडींत जातां येईल. संत लूकच्या शुभवर्तमानांत पेत्राचीं तारवें माशांनीं इतकीं भरलीं कीं तीं बुडूं लागलीं, ही कथा आपण सर्वांनीं ऐकली आहे. पेत्र तर जातीचा कोळी होता, आणि तरीही त्याला जोडीदारांस मदतीला बोलवावें लागलें. आपण हौशे लोक. आपल्या हांकेच्या टप्प्यांत दुसरी होडी असेल तरच पाण्यांत उतरावें.

प्रत्येकाच्या अंगांत तरंगणारें जाकीट असावें, पोहतां येवो वा न येवो. तें होडींत उशाशीं ठेवण्याची वस्तु नव्हे. बंद आवळून अंगांत घालावें. होडींत उभें राहूं नये, जागा बदलावयाची तर एकानें बदलावी व दुसऱ्यांनीं तोंवर खालीं बसून राहावें. मासा लागला तर तो धरणारा एकच. बाकीच्यांनीं विरुद्ध बाजूस बसावें. पाणी उपसावयास एक डबा, एक जादा वल्हें, आणि नांगर म्हणून दोरीस बांधलेला दगड. ती दोरी होडीच्या नाळेस बांधावी, बाजूस बांधूं नये. आणि उलटलीच तर होडीस धरून राहावें. लांकूड तरंगतें. कांठ दिसतो त्याहून दूर असतो. सर्वांत आधीं मोजावें.

वाऱ्याविषयीं वेगळें सांगतों, कारण उन्हाळ्याच्या बेतांत लोक उन्हाचा विचार करतात, वाऱ्याचा करीत नाहींत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पहांटे पाणी निवांत असतें. जमीन तापली म्हणजे समुद्राकडून वारा येऊं लागतो व दुपारीं तो जोर धरतो. मे महिन्यांत सहाच्या सुमारास सूर्य उगवतो. तेव्हां उजाडतां उजाडतां पाण्यावर असावें व दहाच्या आंत होडी कांठास लागलेली असावी. मासा लागत असला तरी! ही परतण्याची वेळ घरून निघतांनाच ठरवावी, कारण पाण्यावर ठरविलेली वेळ माशाच्या शेपटीबरोबर पुढें पुढें सरकत जाते.

मगरींची थट्टा मीं तुमच्या बोलण्यांत ऐकली. पवईंत मगरी आहेत, थट्टा नव्हे. त्या होडीवर चाल करून येतील असें मी म्हणत नाहीं. परंतु होडीबाहेर हातपाय सोडून बसूं नये, कांठावर मासे चिरून आंतडीं पाण्यांत टाकूं नयेत, आणि लव्हाळ्यांत उतरून तोंड धुवूं नये. उन्हाळ्यांत मादी कांठच्या मातींतील अंड्यांची राखण करते, व पावसाच्या तोंडावर पिलें निघतात. तिच्या घरच्या गडबडीच्या दिवसांत आपण तिच्या दारांत जात आहों.

गळाविषयीं थोडेंच सांगतों, कारण तें तुम्ही पाण्यावरच शिकाल. माशाचें तोंड पाहावें. कटल्याचें तोंड वर वळलेलें, तो वरच्या पाण्यांत खातो, मृगळाचें खालीं, तो तळचा गाळ उकरतो, रोहू मधला. तरंगी त्याप्रमाणें वरखालीं करावी. आमिषास घट्ट मळलेली कणीक पुरे. शेंगदाण्याची पेंड थोडी भिजवून जागेवर टाकली तर मासे जमतात. तुटलेला तंगूस पाण्यांत टाकूं नये, पाखरांच्या पायांत तो अडकतो. आणि एक विनंति मरळाविषयीं. पाणवेलींच्या कडेस लालसर पिलांचा घोळका पाण्यावर बुडबुडल्यासारखा हलतांना दिसला तर त्याच्या खालीं मरळ आईबाप राखण करीत असतात. त्या वेळीं मरळ गळास चटकन लागतो, कारण तो भुकेनें नव्हे, पिलांच्या रक्षणासाठीं अंगावर येतो. तो काढला कीं घटकेंत इतर मासे तीं पिलें खाऊन टाकतात. तेथून होडी बाजूनें काढावी. तसेंच पहिला पाऊस पडल्यावर आपल्याकडे वलगणीचे मासे ओढ्यांतून वर चढतात, पोटांत अंडीं घेऊन. म्हणून जूनपर्यंत ही सहल लांबवूं नका. समुद्रावरचे आपले कोळी बांधवही १ जून ते ३१ जुलै होड्या ओढून ठेवतात.

दिवस कोणता? रविवारीं पहांटे तळ्यावर जाल तर मिस्सा चुकेल, व मिस्सा करून जाल तर वारा गांठेल. मीं १ मे सुचवितों. त्या दिवशीं १९६० सालीं आपलें राज्य झालें म्हणून सर्वांस सुटी असते, आणि १९५५ सालापासून श्रमिक संत जोसेफचा सणही त्याच दिवशीं असतो; मिस्सा संध्याकाळीं ठेवावी अशी फादरांस मी विनंति करतों. जेवणाच्या अकरा पदार्थांविषयीं मात्र माता-भगिनींच्या वतीनें बोलणें भाग आहे. त्या दिवसांत घरोघर बाटली-मसाल्याच्या मिरच्या उन्हांत पडलेल्या असतात, भाजणें-कांडणें चालू असतें. तशांत पहांटे तीन वाजतां उठून नऊ जणांचे डबे करावयास कोणी सांगूं नये. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, कांदा व भरपूर पाणी एवढें ज्याचें त्यानें बांधून आणावें. मासा मिळेल त्याचें कालवण करूं ह्या भरंवशावर कोणी उपाशी येऊं नये.

आतां काम एवढेंच उरलें. ज्यांस यावयाचें असेल त्यांनीं या सभेनंतर आपलें नांव, पोहतां येतें कीं नाहीं, आणि आपलें वजन कागदावर लिहून मजजवळ द्यावें. त्यावरून कोणी केव्हां होडींत बसावयाचें तें मी लावून देईन. वजन लिहावयास लाजण्याचें कारण नाहीं. माझें त्र्याऐंशी किलो आहे, आणि म्हणून पहिल्या फेरींत माझ्याबरोबर एकालाच जागा आहे.