हृदयविकारानंतरची भीती आणि आपले काम

(कार्यकर्त्यांच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मसुदा)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो आपल्या नेहमीच्या विषयपत्रिकेतला नाही. पाणी, रेशन, वेतनवाढ ह्यांच्या पंक्तीला हृदयरोग्याचे मन बसवले, तर काहींना ती चैन वाटेल. तीन वर्षांपूर्वी मलाही तसेच वाटले असते. त्यानंतर मला हृदयविकाराचा झटका आला. धमनीत स्टेंट बसवला गेला आणि पाचव्या दिवशी मी घरी आलो. हातात एक कागद होता. सकाळच्या गोळ्या, रात्रीच्या गोळ्या, मीठ कमी, तेलतूप बेताने, सहा आठवड्यांनी तपासणी, असे त्यावर लिहिले होते. रात्री अडीच वाजता जाग येईल, मनगटावर बोटे ठेवून आपण नाडी मोजत बसू आणि पोटात साधा वायू धरला तरी छातीवर हात जाईल, हे मात्र त्या कागदावर कोठेच नव्हते.

माझी पत्नी त्या दिवसांत मध्यरात्री उठून माझ्या नाकापाशी हात धरी आणि श्वास चालू असल्याची खात्री करून घेई. मी जागाच असे, पण झोपेचे सोंग घेऊन पडून राही. ही गोष्ट आम्ही दोघांनी एकमेकांना कितीतरी दिवस सांगितली नाही. मुलगा पाण्याची बादली उचलू देईना. आणि तुम्ही साथींनी, रागावू नका, मला बैठकांना बोलावणे बंद केले. 'त्यांना जपले पाहिजे' असे ठरले. चाळीस वर्षे चळवळीत काढलेल्या माणसाला असे जपणे म्हणजे एक प्रकारची बडतर्फीच असते. तुमचा हेतू चांगला होता, ह्याबद्दल मला शंका नाही.

त्या काळात जो भेटे तो एकच सल्ला देई: 'टेन्शन घेऊ नका.' जणू टेन्शन ही कोणी ताटात वाढलेली वस्तू आहे आणि नको म्हटले की संपले! माझ्या शेजारच्या खाटेवर एक यंत्रमाग कामगार होते. त्यांची मजुरी कापडाच्या मीटरवर ठरे. माग थांबला की मजुरी थांबली. मुलीच्या लग्नाचे कर्ज फेडायचे होते. त्यांनाही डॉक्टरांनी जाताना हेच सांगितले. ते मान डोलावून हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, मी घेत नाही हो, मालकच देतो." हृदयविकाराच्या सामाजिक कारणांविषयी मी पुष्कळ वाचले आहे, पण इतके नेमके विधान मला क्वचितच आढळले.

इंग्लंडमधील सरकारी नोकरांचा 'व्हाइटहॉल' अभ्यास १९६७ साली सुरू झाला. त्यात सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक आढळले. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल ह्यांचा हिशेब मांडूनही ह्या फरकाचा काही भागच उलगडला. १९८५ पासून चाललेल्या दुसऱ्या अभ्यासात मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक महत्त्वाची गोष्ट दिसली: आपल्या कामावर ज्याचा स्वतःचा ताबा कमी, त्याला हृदयविकाराचा धोका अधिक. आपल्या पक्षाला ही बाब नवी वाटू नये. परंतु ह्यावरून 'समाज बदलला की हृदये आपोआप बरी होतील' असा निष्कर्ष काढून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. समाज बदलेपर्यंत त्या यंत्रमाग कामगाराने रात्री अडीच वाजता काय करायचे, हा माझा आजचा प्रश्न आहे.

ह्या संदर्भात मला बर्नार्ड लाऊन ह्यांची आठवण होते. सोव्हिएत हृदयतज्ज्ञ येवगेनी चाझोव्ह ह्यांच्यासह अण्वस्त्रविरोधी डॉक्टरांची संघटना उभारणारे अमेरिकन हृदयतज्ज्ञ म्हणून अनेकांना ते ठाऊक असतील. ह्या संघटनेला १९८५ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. (त्या वेळी ऑस्लोच्या पत्रकार परिषदेत एका सोव्हिएत पत्रकाराचे हृदय बंद पडले आणि हे दोघेही त्याला वाचवण्यासाठी धावले!) लाऊन आणि त्यांचे गुरू सॅम्युएल लेव्हाइन ह्यांनी १९५२ साली बोस्टनमध्ये एक साधी गोष्ट केली. त्या काळी झटका आलेल्या रोग्याला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर निश्चल ठेवीत. घास भरवायचा तोही दुसऱ्याने. ह्या दोघांनी रोग्यांना उचलून आरामखुर्चीत बसवले. सहकाऱ्यांनी विरोध केला, पण रोगी दगावले नाहीत. उलट त्यांची उभारी वाढली. निजून राहिलेल्या माणसाला आपण मरणार असे वाटते, बसलेल्याला घरी जाणार असे वाटू लागते.

लाऊन ह्यांनीच आपल्या पुस्तकात दुसरा एक प्रसंग सांगितला आहे. लेव्हाइन ह्यांनी फेरीच्या वेळी एका बाईच्या खाटेशी उभे राहून इतर डॉक्टरांना तिच्या झडपेच्या विकाराचे नाव आद्याक्षरांत सांगितले: 'टी. एस.', म्हणजे ट्रायकस्पिड स्टेनोसिस. तिने त्याचा अर्थ 'टर्मिनल सिच्युएशन', म्हणजे शेवटची अवस्था, असा घेतला. लाऊन ह्यांनी परोपरीने समजावले, पण तिचा विश्वास बसेना. त्याच दिवशी तिची प्रकृती ढासळली आणि ती गेली. शब्दाने माणूस मरतो, असा सिद्धांत मी ह्यावरून मांडत नाही. आपल्या रुग्णालयांत रोग्याच्या डोक्यावरून किती आद्याक्षरे दररोज फेकली जातात, तेवढे पाहा.

आता शास्त्रीय पुराव्याविषयी. येथे मी प्रामाणिक राहणार आहे, कारण अर्धा पुरावा सांगून मागण्या करण्याने आपलेच नुकसान होते. झटक्यानंतर साधारण पाचांपैकी एका रोग्याला गंभीर नैराश्य येते. मॉन्ट्रियलमध्ये २२२ रोग्यांचा पाठपुरावा केला गेला आणि १९९३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत नैराश्यग्रस्त रोग्यांचे पहिल्या सहा महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण कितीतरी अधिक दिसले. मग साहजिकच असे वाटले की, नैराश्य दूर केले तर आयुष्य वाढेल. त्यासाठी अमेरिकेत २,४८१ रोग्यांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००३ साली आले: समुपदेशनाने आणि लागेल तेथे औषधांनी रोग्यांचे नैराश्य व एकाकीपण काही अंशी कमी झाले, परंतु मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके कमी झाले नाहीत. आपल्याकडे २४ केंद्रांतील जवळपास चार हजार रोग्यांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. तेथेही मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. रोग्यांना स्वतःची प्रकृती अधिक चांगली वाटली, आणि ते पूर्वीच्या कामाकडे अधिक प्रमाणात परतले.

कोणी म्हणेल, आयुष्य वाढत नसेल तर सरकारने पैसा का घालावा? हा प्रश्न मला हिशेबनिसाचा वाटतो. बाळंतिणीच्या वेदना कमी केल्याने तिचे आयुष्य वाढते म्हणून आपण त्या कमी करीत नाही. मनगटावर बोटे ठेवून काढलेली दहा वर्षे आणि नातवाला खांद्यावर घेऊन काढलेली दहा वर्षे मृत्यूच्या तक्त्यात सारखीच भरतात. शिवाय घाबरलेला माणूस चालायला बाहेर पडत नाही, निराश झालेला माणूस गोळ्या सोडतो, आणि चालण्याचे व गोळ्यांचे मोल तर निर्विवाद आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे अँजिओप्लास्टी आणि बायपास गरिबाच्या आवाक्यात आली, ही मोठी गोष्ट आहे, ती नाकारू नये. पण धमनी उघडून माणूस दारात आणून सोडला की बहुतेक वेळा व्यवस्थेचा रस संपतो. हृदयरोग्याचे रीतसर पुनर्वसन करणारे विभाग मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांत सापडतात. कामगार राज्य विमा योजनेतील कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते, आणि ठरावीक दीर्घ आजारांत त्याहून अधिक काळ मदत मिळते. मागावरच्या, बांधकामावरच्या, शेतातल्या बहुसंख्य लोकांना ह्यातले काहीच नाही. तो दहाव्या दिवशी कामावर जातो किंवा भीतीने कायमचा घरी बसतो. दोन्ही वाईट. विश्रांतीच्या काळातील वेतन ही माझ्या मते मानसिक उपचाराचीच पहिली मात्रा आहे.

बायांची गोष्ट आणखी वेगळी. पुरुष झटक्यानंतर घरी आला की त्याला खाटेवर बसवतात. बाई घरी आली की चौथ्या दिवशी चुलीपाशी असते, आणि तिला धाप लागली तर 'मनाला फार लावून घेते' असे म्हणतात. आणखी एक प्रश्न स्त्रीपुरुष दोघेही डॉक्टरांना संकोचाने विचारीत नाहीत, तो पतिपत्नींच्या सहवासाचा. त्या न विचारलेल्या प्रश्नाने कित्येक संसारांत वर्षानुवर्षे अबोला राहतो. छातीत न दुखता, धाप न लागता जो दोन जिने चढू शकतो, त्याला बहुधा हरकत नसते. आपल्या डॉक्टरांना विचारावे, एवढे सांगायला आपण तरी लाजू नये.

आपण काय करू शकतो? आपण मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि तसे सोंगही आणू नये. ज्याला जगणे नकोसे झाले आहे, ज्याची झोप-भूक आठवडेच्या आठवडे गेली आहे, त्याला तज्ज्ञाकडेच नेले पाहिजे. तोवर सरकारचा १४४१६ हा 'टेलि-मानस' दूरध्वनी आहे, तो अनेकांना माहीतही नसतो. मात्र ज्याला हा आजार होऊन गेला आहे असा माणूस नव्या रोग्याजवळ अर्धा तास बसला, तर जे घडते ते तज्ज्ञालाही साधेलच असे नाही. १९५१ साली बोस्टनमध्ये हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या चार रोग्यांनी अशीच एक संस्था सुरू केली. नव्या रोग्याला जुन्या रोग्याने भेटायचे, एवढाच तिचा आरंभ होता. मला स्वतःला उभे केले ते त्या यंत्रमाग कामगाराने. दोन महिन्यांनी ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मलापण रात्री भ्या वाटतं." त्या रात्री मी पत्नीला नाडीची गोष्ट सांगितली, आणि तिने मला नाकापाशी धरलेल्या हाताची.

आपल्या तालुक्यात माझ्या माहितीची अशी अकरा माणसे आहेत, त्यांत चार स्त्रिया. जिल्हा रुग्णालयात हृदयरोग्यांसाठी आठवड्यातून एक दिवस समुपदेशक मिळावा, ह्या मागणीचे निवेदन मी लिहून आणले आहे. त्यावर सह्या हव्या आहेत. आणि येत्या रविवारी सकाळी साडेसहाला ज्यांना डॉक्टरांनी चालण्याची परवानगी दिली आहे, त्यांच्याबरोबर मी तलावापर्यंत चालत जाणार आहे. जाताना सावकाश, वाटेत दोनदा बसून. ज्या साथींना हृदयविकार नाही त्यांनीही यावे. फक्त आम्हांला 'जपू' नये, आणि वाटेत राजकारणाच्या गप्पा बंद ठेवू नयेत.